डॉक्टरांची मोटार आणि तिची गिऱ्हाइकं

मी ड्रायव्हर होतो असं कळलं की लोक आधी अपघाताचं विचारतात आणि मग भुताचं. माझ्या हातून मोठा अपघात झाला नाही आणि भूत काही रस्त्यात भेटलं नाही. मग या माणसाकडं सांगण्यासारखं काही नाही असं समजून ते गप्प होतात. पण जन्मभर मोटार चालवताना मला जेवढा मनस्ताप झाला नाही, तेवढा एक मोटार विकताना झाला. मोटार माझी नव्हती. ती विकली गेली की माझी नोकरीही जाणार होती. तरी गिऱ्हाईक शोधायचं काम माझ्याकडंच होतं.

लढाईचे दिवस होते. निजामाचं राज्य होतं. गावाचं कागदोपत्री नाव उस्मानाबाद असलं तरी आमच्या तोंडी धाराशिवच होतं. मी मूळचा येरमाळ्याचा. शेतात भावाचं आणि माझं जमेना, म्हणून सोलापूरला जाऊन एका मोटारखान्यात राबलो, चालवायला शिकलो आणि धाराशिवला डॉक्टर हमीदसाहेबांकडं ड्रायव्हर म्हणून लागलो. तेव्हा अख्ख्या गावात मोटारी हाताच्या बोटांवर मोजण्याएवढ्या. त्यातल्या निम्म्या सरकारी अंमलदारांच्या. म्हणजे ड्रायव्हरच्या नोकऱ्याही तेवढ्याच. एक सुटली की दुसरी कुणीतरी मरेपर्यंत मिळायची नाही.

डॉक्टरांची मोटार अमेरिकन बनावटीची, काळ्या रंगाची आणि कापडी टपाची होती. पुढून हँडल मारून सुरू करावी लागायची. हँडल मारतानाही एक काळजी घ्यावी लागे. अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवायचा. चारचौघांसारखी मूठ वळली आणि इंजिननं उलटा झटका दिला तर मनगट गेलंच म्हणून समजा. थंडीत तिच्या पोटात गरम पाणी ओतावं लागायचं. एवढं केलं की ती शहाण्या जनावरासारखी चालायची. खोड एकच होती. चढाला दुसरा गिअर आपोआप सुटायचा. मग एका हातानं गिअरची दांडी दाबून धरायची आणि दुसऱ्या हातानं चाक सांभाळायचं. डॉक्टर म्हणायचे, "दत्तू, तुझी मोटार संधिवाताची हाय." पण दुरुस्त करून आणतो म्हटलं की म्हणायचे, "सोलापूरला पाठवली तर पेशंटकडं कशात जाऊ?"

एका दुपारी ढोकीच्या बाजूनं पेशंट बघून आम्ही परत येत होतो. डॉक्टर मागच्या सीटवर होते. "दत्तू, जरा हळू," एवढं म्हणाले. मी हळू केली. पुढं काही बोलले नाहीत. झोप लागली असेल असं मला वाटलं. घरासमोर मोटार उभी करून दार उघडलं, तेव्हा कळलं.

डॉक्टरांचा चाळिसावा दिवस झाल्यावर त्यांच्या बेगमसाहेबांनी मला बोलावलं. त्या पडदा पाळायच्या. दिवाणखान्याच्या दारात बांबूच्या कामट्यांची चिक होती. अलीकडं मी उभा आणि पलीकडं त्यांचा आवाज, असंच आमचं बोलणं चालायचं. त्यांना मूलबाळ नव्हतं, राहतं घर भाड्याचं होतं. हैद्राबादला भाऊ होता, त्यानं बोलावलं होतं.

"दत्तूभाई, मोटार बेचनी है," त्या म्हणाल्या. "तुम बेचो. मेरेकू और कौन है?"

"जी," म्हटलं.

"और एक बात. जो आएगा उसकू पहले गाडी का ऐब बोलो. डॉक्टरसाब मरीज कू साफ बोलते थे. हम भी साफ बोलेंगे."

मोटार विकायची आणि सुरुवात तिच्या दुखण्यापासून करायची! मी बैलबाजार पाहिलेला माणूस. तिथं दात दाखवण्याआधी शेपटीवर हात फिरवतात. पण हुकूम तो हुकूम.

त्या काळात मोटारीच्या खरेदी-विक्रीला दुकान नव्हतं की दलाल नव्हता. चहाच्या हॉटेलात, कचेरीच्या आवारात आणि पेट्रोलच्या पंपावर बोलायचं, मग बातमी आपोआप फिरायची. बातमी फिरली. आणि मला कळलं की मोटार घ्यायची इच्छा असणारी माणसं आणि मोटार घेणारी माणसं या दोन वेगळ्या जाती आहेत.

पहिले आले परंड्याकडचे एक देशमुख. पांढरा फेटा, कानात अत्तराचा बोळा, बरोबर मेहुणे, चुलते आणि एक भटजी. मी नेमाप्रमाणं सांगितलं, "दुसरा गिअर चढाला सुटतो."

"सुटू दे," देशमुख म्हणाले. "आधी फेरी तर मारू."

पेट्रोल तेव्हा कुपनावर मिळायचं, आणि डॉक्टर गेल्यावर कुपनं बंद झाली होती. टाकीत होतं तेवढंच. मी आत जाऊन सांगितलं. चिकेमागून आवाज आला, "देखे बगैर कोई कैसा लेगा? लेके जाओ."

सगळे कोंबून बसले. गावाबाहेर गेल्यावर वळवू का विचारलं, तर देशमुख म्हणाले, "अजून इंजिन तापलं बी न्हाय. तुळजापुरापतूर चल." तुळजापूर आलं. "आलोच हावोत तर दर्शन घेऊ." दर्शन झालं. भटजींच्या ओळखीच्या पुजाऱ्याकडं जेवण झालं. मग घाट उतरून पुन्हा चढून दाखव, गिअर कसा सुटतो ते बघू दे, असं झालं. तेही दाखवलं. चढावर दांडी धरून माझा हात भरून आला. मागं बसलेले मेहुणे तेवढ्यात पान लावत होते.

संध्याकाळी धाराशिवला परत आल्यावर देशमुख पायरीवरून उतरले, फेटा झटकला आणि म्हणाले, "मोटार झ्याक हाय. पर आमच्या गावाला रस्ता कुठं हाय?"

मी त्यांच्याकडं बघतच राहिलो. रस्ता नव्हता हे त्यांना सकाळीही ठाऊक होतं. पण त्यांच्या चेहऱ्यावर कपट दिसेना. एक दिवस मोटारीत बसायला मिळालं, याचा खराखुरा आनंद होता. मला रागही धड आला नाही.

त्यानंतर आले गावातलेच एक वकील. ते रोज यायचे. कचेरी सुटली की काळ्या कोटातच येऊन मोटारीत बसायचे, चाक हलवायचे, भोंगा वाजवायचे. मग उलटतपासणी सुरू.

"रेडिएटर गळतो का?"

"न्हाय."

"कधीच गळला नाही?"

"एकदा गळला होता, कथलाचा डाग देऊन बुजवला."

"म्हणजे गळतो!" असं म्हणून ते विजयी चेहऱ्यानं आजूबाजूला बघायचे. बघायला मी आणि समोरची शेळी, दोघंच असायचो. प्रत्येक उत्तरानंतर त्यांच्या मनातली किंमत थोडी उतरायची. शेवटी तर त्यांनी डॉक्टरांचंच नाव काढलं. "ज्या मोटारीत माणूस गेला ती घरात आणायची म्हणजे विचार करावा लागतो. बेगमसाहेबांना सांग, निम्म्यात देत असतील तर बघू."

हे त्यांनी मला सांगितलं असतं तर एक वेळ चाललं असतं. पण त्यांनी ते कचेरीत सांगितलं, हॉटेलात सांगितलं. त्या दिवसापासून डॉक्टरांची मोटार गावाच्या लेखी अपशकुनी झाली. ज्यांच्या घरी ती मोटार रात्री-अपरात्री औषधाची पेटी घेऊन गेली होती, तीच माणसं आता तिच्या बाजूनं जाताना लांबून जायला लागली. मी रोज सकाळी ती पुसायचो. पुसताना कुणी बघत असलं की मला उगाच ओशाळल्यासारखं व्हायचं.

मी बेगमसाहेबांपाशी विषय काढला. "गावातल्यांना ठाऊक हाय त्याला इलाज न्हाय. पण बाहेरगावचं गिऱ्हाईक आलं तर गिअरचं सांगू, साहेबांचं कशाला सांगायचं?"

बोलून चुकलो असं मला वाटलं.

"दत्तूभाई," त्या म्हणाल्या, "उनका मरना क्या गाडी का ऐब है?"

"न्हाय जी."

"फिर छुपाना कैकू?"

पुढच्या प्रत्येक गिऱ्हाइकाला मी दोन्ही गोष्टी सांगायला लागलो. एकाला फक्त टायर हवे होते. लढाईमुळं टायर मिळत नव्हते आणि आमचे चारही बरे होते. बाकीची मोटार तुम्हीच ठेवा म्हणाला. एकाला इंजिन काढून पिठाची गिरणी चालवायची होती. एकजण बैलजोडी आणि दुभती म्हैस घेऊन आला आणि अदलाबदल करू म्हणाला. म्हैस खरोखर चांगली होती. माझ्या बायकोचं मन तिच्यावर गेलं होतं. एक ठेकेदार किमतीला तयार होता, मोटार स्वतःच चालवणार होता, पण बेगमसाहेबांनी त्याला का कोण जाणे नाही म्हणून सांगितलं. मला वाटलं, त्याचं बोलणं उर्मट होतं, म्हणून असेल.

या सगळ्या महिन्यांत त्या माझा पगार देत होत्या. मोटार जागेवर उभी, मी फडकं घेऊन तिच्याभोवती फिरतोय आणि महिना भरला की मोलकरीण पगार आणून हातावर ठेवतेय. त्यांच्या स्वयंपाकघरात काय चाललंय ते मला दिसत होतं. बकरीदेलाही मोजकंच आलं होतं. पगार घेताना हात मागं यायचा. बायको म्हणायची, "एकदाची मोटार जाऊ द्या. मग आपलं काय व्हायचं ते व्हईल. असं फुकटचं खाल्लेलं अंगी लागत न्हाय." तिचं खरं होतं. रात्री पडलो की येरमाळ्याची वाट दिसायची आणि दारात उभा राहून 'आलास का परत' म्हणणारा भाऊ दिसायचा. तरी मोटार विकली जावी असंच मला वाटायला लागलं होतं.

आणि मग खरं गिऱ्हाईक आलं. बार्शीचे एक शेठ, कापसाचा मोठा व्यापार होता. बार्शी इंग्रजी मुलखात. म्हणजे मोटार तिकडं न्यायची तर सरहद्दीवरच्या करोडगिरी नाक्यावर जकात भरा, आमच्याकडचे उर्दू कागद तिकडं नेऊन नवा नंबर घ्या, अशी भानगड होती. शेठ म्हणाले, ते सगळं मी बघतो. गिअरचं सांगितलं. ते म्हणाले, पुण्याहून नवा भाग मागवतो. डॉक्टरांचं सांगितलं. त्यांनी टोपी काढली, क्षणभर सीटकडं बघितलं आणि टोपी परत घातली. बस्स. किंमत सांगितली तेवढी कबूल केली. घासाघीस नाही. बरोबर त्यांचा ड्रायव्हर होता, खाकी कपड्यातला एक अबोल माणूस. मी त्याला हँडल मारून दाखवलं, चढाला दांडी कशी धरायची ते दाखवलं. त्यानं एकदा बघितलं आणि त्याला जमलं. चांगला ड्रायव्हर होता. माझ्या जागी हा बसणार, असं मनात आलं, पण मी मन घट्ट केलं.

आत जाऊन सगळं सांगितलं. बेगमसाहेबांनी बारीकसारीक विचारलं. शेठ कसे आहेत, मोटार कुठं ठेवणार, रोज चालणार का, बरोबर कोण आलंय. मी उत्तरं दिली.

"नक्को," त्या म्हणाल्या.

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. "जी?"

"उनकू नक्को देना. माफी मांगो मेरी तरफ से."

"पण बेगमसाहेब, असं गिऱ्हाईक परत यायचं न्हाय!"

"मालूम है."

कारण काही दिलं नाही. चिकेशी किती वाद घालणार? मी बाहेर येऊन शेठला सांगितलं. रागावण्यासारखीच गोष्ट होती, पण ते भले माणूस. म्हणाले, "ड्रायव्हर, बाईंच्या मनातून ती विकायचीच नाही. मालकाची आठवण आहे. तू उगाच धावपळ करू नको." त्यांची गाडी धुरळा उडवत गेली आणि मी पायरीवर बसून राहिलो. मनात म्हटलं, खरंच असेल. विकायची नव्हती तर मला इतके महिने दारोदार कशाला फिरवलं? त्या दिवशी बेगमसाहेबांवर माझा खरा राग बसला. पुढं मी बोलायचो, पण विचारलं तेवढंच. 'जी' आणि 'न्हाय जी'. त्यांच्या ते लक्षात आलं असणार. त्यांनी दाखवलं नाही.

उन्हाळा लागला. एका सकाळी घरासमोर बैलगाडी थांबली. गाडीतून एक पन्नाशीच्या बाई कमरेवर हात ठेवून, हळूहळू, कण्हत उतरल्या. कोरं कपाळ, जाडं लुगडं, पायात पुरुषी चामडी वहाणा. जळकोटजवळच्या एका गावच्या पाटलीणबाई. सगळे त्यांना आक्का म्हणायचे. नवरा गेल्यापासून जमिनीचा सगळा कारभार त्यांनीच हाकला होता आणि दिरांबरोबरच्या वादासाठी त्यांना धाराशिवच्या अदालतीत सारख्या खेपा घालाव्या लागायच्या.

"मोटार इकायची म्हंत्यात ती हीच का?" त्यांनी विचारलं.

"व्हय आक्का. पण आधी सांगतो. चढाला दुसरा गिअर सुटतो."

"सुटला तर काय करायचं?"

"दांडी धरून ठेवायची."

"मग धरायची. त्यात काय एवढं? माझं बैल बी चढाला कासरा वढून धरल्याबिगर चालत न्हाईत."

"आणि दुसरं. आमचे डॉक्टरसाहेब या मोटारीत वारले."

आक्कांनी माझ्याकडं बघितलं. "लेका, माझा मालक माजघरात गेला. म्हणून म्या माजघर इकलं का?"

मग त्या मागच्या सीटवर बसल्या आणि फेरी मारायला निघालो. मी सवयीनं पक्क्या रस्त्याला लागलो. मागून आवाज आला, "हिकडनं नगं. त्या वावराच्या कडंनं घे."

"तिकडं लई खड्डे हायेत आक्का."

"म्हणूनच म्हंते."

खड्ड्याखड्ड्यांतून मोटार नेली. आरशात बघितलं तर आक्का डोळे मिटून, कमरेखाली हात धरून बसल्या होत्या. एवढ्या गिऱ्हाइकांनी मोटार बघितली होती, पण ती आपल्या कमरेनं तपासणारं गिऱ्हाईक हे पहिलंच. परत आल्यावर त्या उतरल्या, एकदा ताठ उभ्या राहिल्या, एकदा वाकल्या आणि म्हणाल्या, "दुखलं न्हाय. बाई कुठं हायेत?"

मी सवयीप्रमाणं निरोप घेऊन आत जायला निघालो, तर त्यांनी मला अडवलं. "तू कशाला? मीच जाते." आणि चिक बाजूला सारून त्या सरळ आत गेल्या.

बाईला चिकेचा अडसर नाही, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. इतके महिने प्रत्येक शब्द माझ्या तोंडून आत जायचा आणि बाहेर यायचा. आता आत दोघी बायका समोरासमोर बसल्या होत्या आणि मी बाहेर. आक्कांना दख्खनी उर्दू धड येत नव्हती, बेगमसाहेबांना मराठी समजायची पण बोलता यायची नाही. तरी आतून बोलण्याचा आवाज येत राहिला. एकदा वाटलं भांडण जुंपलं, कारण आक्कांचा आवाज चढला. मग मोलकरीण चहा घेऊन गेली. मग पानदानाचा आवाज आला. आणि मग बेगमसाहेब हसल्या. डॉक्टर गेल्यापासून त्या घरात हसण्याचा आवाज मी ऐकला नव्हता. पायरीवर बसलो होतो तो उठून उभा राहिलो.

आक्का बाहेर आल्या त्या पान चघळत. "ठरलं," म्हणाल्या. "मोटार माझी झाली. अन् तू बी माझ्याकडं यायचंस. आमच्या गावात बिऱ्हाड टाकायची तयारी हाय ना?"

मी मान हलवली. मोटार घेतली म्हणजे चालवायला माणूस लागणारच, आणि बाईच्या जातीला ओळखीपाळखीचा माणूस बरा, असं मी समजलो. नशिबानं साथ दिली म्हणायचं.

आक्कांनी मोठ्या मनानं आणखी एक केलं. बेगमसाहेबांना हैद्राबादच्या आगगाडीसाठी सोलापूरला जायचं होतं, त्यांना सोडून ये आणि मग मोटार घेऊन घरी ये म्हणाल्या. पेट्रोलचं कुपनही त्यांनीच कुठून तरी मिळवलं. मोटार त्यांची झाली होती, तरी त्या स्वतः बैलगाडीनं परत गेल्या.

दोन दिवसांनी आम्ही निघालो. बेगमसाहेब बुरख्यात, मागच्या सीटवर, मोलकरीण बाजूला. सामान फार नव्हतं. डॉक्टर गेल्यानंतर त्या पहिल्यांदाच मोटारीत बसत होत्या. बसण्याआधी क्षणभर दाराला हात लावून उभ्या राहिल्या. मी दुसरीकडं बघितलं.

तुळजापूर मागं पडलं आणि घाट सुरू झाला.

"घाट आया क्या, दत्तूभाई?"

"आला जी."

"डॉक्टरसाब इधर आँखां बंद करते थे."

"मला म्हणायचे झोप येती."

"झोप!" त्या म्हणाल्या. "डरते थे. मेरेकू बोले थे, दत्तू कू नक्को बोलना."

मी हसलो. इतकी वर्षं त्या घाटात मी साहेबांची झोप मोडू नये म्हणून भोंगासुद्धा हळू वाजवायचो. ते आठवून आणखी हसू आलं आणि मागूनही हसण्याचा आवाज आला. माझ्या मनातली अढी थोडी सैल झाली. करोडगिरी नाक्यावर शिपायांनी मोटार ओळखली. सामान न उघडताच सलाम करून सोडली. डॉक्टरांना तेवढी सलामी अजून बाकी होती.

सोलापूरच्या स्टेशनवर जनानी डब्यात जागा मिळवून सामान चढवलं. बेगमसाहेब खिडकीशी बसल्या. गाडी सुटायला अवकाश होता. मला राहवेना. म्हटलं, "बेगमसाहेब, रागावू नका. पण त्या बार्शीच्या शेठला मोटार दिली असती तर तुम्ही उन्हाळ्याआधीच सुटला असता. इतके महिने उगाच अडकून पडलात."

"हौ," त्या बुरख्याआडून म्हणाल्या. "सुटती थी."

एवढंच. मग म्हणाल्या, "घर पे सबकू दुआ बोलो. बच्च्यां कू पढाओ." शिट्टी झाली. मी हात जोडले. गाडी हलली आणि मी बाहेर येऊन हँडल मारलं.

दिवे लागायच्या सुमाराला आक्कांच्या गावात पोचलो. मोटार बघायला पोरंटोरं जमली. आक्का ओट्यावर बसल्या होत्या. त्यांनी मोटारीकडं बघितलंच नाही. आधी विचारलं, "बाईंना नीट जागा मिळाली का?"

"मिळाली. खिडकीशी."

"बरं झालं. हातपाय धू, जेवायला बस."

ओसरीवर ताट वाढलं. भाकरी, शेंगदाण्याची आमटी, कांदा. बाजूला एक विशीतला तरुण बसला होता, तो माझ्याकडं बघत होता. मी विचारलं, "हे कोण?"

"माझा भाचा. सोलापुरात मोटार चालवायला शिकून आलाय. मोटार घ्यायची ती ह्यालाच चालवाया द्यायची म्हणून निघाले व्हते."

माझा हात थांबला. "मग?"

"मग काय! तुझी बाई आयकाया तयार व्हती व्हय? पयल्यांदा इचारलं ते हेच, तुमच्याकडं ड्रायव्हर हाय का? म्या म्हणलं, घरचा हाय. म्हणली, मग मोटार द्यायची न्हाय. म्या भांडले, ती बी भांडली. किमतीला कायच ताणलं न्हाय तिनं, जे ताणलं ते तुझ्यापाय. मोटार काय, कुणी बी घेईल म्हणली, माणूस कुठं पडंल ते बगाया पायजे. बार्शीचा कुणी शेठ आला व्हता म्हणं, त्याला बी तसाच लावून दिला. त्याच्या संगट ड्रायव्हर व्हता." आक्का माझ्याकडं निरखून बघायला लागल्या. "का? तुला सांगितलं न्हाय तिनं?"

"न्हाय."

"बघ की. मला वाटलं तुला ठावं हाय."

भाचा उठून बाहेर गेला. मी ताटाकडं बघत बसलो. सकाळपासून घाटात, नाक्यावर, स्टेशनवर, सगळीकडं त्या माझ्या मागं हातभर अंतरावर होत्या. आणि मी त्यांना शेठची किंमत शिकवत होतो.

"आक्का, हैद्राबादची गाडी आता कुठं असंल?"

"मला काय ठावं? म्या कवा आगगाडीत बसलेय?" आक्कांनी आमटीची वाटी पुढं सरकवली. "जेव. निवतंय."